सयाजीरावांच्या गोदामातलं तेज

मुरगूडजवळच्या एका गावात धान्याचे व्यापारी सयाजीराव यांच्या गोदामापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. आत दारं-खिडक्या लावून तेजोनाथ महाराज मक्याच्या राशीवर पितळी काठी फिरवत आणि अंधारात दाणे हिरवे-पिवळे चमकत.

"देवीनं भंडारा उधळलाय! खावा, जनावरास्नी घाला, पीडा जाईल!"

बाया रडत पाया पडत, पिशव्या भरून 'प्रसाद' विकत नेत. हेच महाराज गेल्या साली शिरोलीत मोबाईलची कव्हरं विकत होते, हे ठाऊक असलेलेही रांगेत पुढं होते.

गुरांची डॉक्टर स्नेहल गावात आली ती धोंडुबाईंच्या म्हशीसाठी. म्हैस चारा सोडून पडली होती. डोळे पिवळेजर्द.

"खायला काय घातलंसा, मावशी?"

"परसाद की. रोज पाटी-पाटी. नातीलाबी घुगऱ्या देतोय."

स्नेहलनं डब्यातला दाणा पाहिला. वर पिवळट हिरवी बुरशी, वास कुबट. तिनं औषधाच्या दुकानातून नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी मागून घेतली आणि धोंडुबाईंसह गोदाम गाठलं.

"महाराज, हा माझा चांगला, कोरडा मका. ह्याच्यावर तेज पाडा की."

"शिकलेल्यांच्या दाण्यात देव येत न्हाय, ताई."

"मग माझ्या हातानं तुमच्या दाण्यात येतोय का बघू."

तिनं बॅटरी लावली. रास तशीच चमकली. मग झोत शेजारी उभ्या सयाजीरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. तो तर निळाशार उजळला.

"सयाजीराव, तुम्हीबी देव झालासा की!"

गर्दीत हशा पिकला. कुणीतरी महाराजांची काठी हिसकावली. टोकाला जांभळा दिवा, मुठीत बटण!

"ह्या उजेडात धुण्याच्या पावडरीमुळं सदरा उजळतो," स्नेहल म्हणाली, "आणि बुरशीमुळं हा मका. गोदाम गळलं, मका भिजला, बुरशी धरली. ही बुरशी विष सोडते. शिजवलं तरी ते जात नाही. यकृत पोखरतं, दुधातसुद्धा उतरतं."

"देवीचा कोप हुईल!" महाराज ओरडले.

"हू दे," धोंडुबाई मूठभर मका घेऊन पुढं झाल्या. "आदी ह्यो तू खा."

महाराजांनी तोंड घट्ट मिटलं. सगळा गाव त्या मिटलेल्या तोंडाकडं बघत राहिला. सयाजीराव मान खाली घालून पुटपुटले, "फेकायचाच हुता. ह्येंनी म्हटलं, देवाचा करू."

पोलीस आले. मका खोल खड्ड्यात गाडला. घुगऱ्या खाऊन आजारी पडलेल्या धोंडुबाईंच्या नातीला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं म्हणून ती बरी झाली. म्हैस मात्र वाचली नाही.

देवीला भंडारा उधळायला सयाजीरावांचं गळकं गोदामच का लागावं, हे एकानंही विचारलं नव्हतं. विचारायला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. जे तोंडात घालतो ते आधी डोळ्यांनी बघावं, नाकानं हुंगावं, आणि देणारा स्वतः खातो का, एवढं तरी विचारावं.