हेडलाइटच्या घराण्यातलं पिस्तूल

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही पहिल्यांदा बसला नव्हता. पण चाळीस वर्षं मी तीच हकिकत स्वतःला सांगत आलो आहे, आणि दर वेळी ती थोडी अधिक खरी होत गेली आहे.

मी एक जुनं पिस्तूल आहे. दुसरं महायुद्ध मी जिंकलं. बाकीचे मदतीला होते.

माझा जन्म १९४२ सालच्या उन्हाळ्यातला, इंडियाना राज्यातला. तोही बंदुकांच्या कारखान्यात नव्हे. मोटारींचे हेडलाइट करणाऱ्या कारखान्यात! युद्ध लागलं तसे दिवे थांबले आणि त्याच प्रेसवर पत्र्यातून पिस्तुलं छापली जाऊ लागली, साच्यातून करंज्या पडाव्यात तशी. दोन अर्ध्या पत्र्यांना डाग दिला, आत नळी बसवली, की झालं पिस्तूल. तुम्ही 'शुभंकरोति'ची पहिली ओळ म्हणेपर्यंत आमच्यातलं एक जन्माला येई. एका उन्हाळ्यात आम्ही दहा लाख भावंडं झालो. आमच्यात गोळी एकच बसते. ती झाडली की रिकामं नळकांडं लाकडी काडीने ढोसून बाहेर काढायचं आणि मग दुसरी भरायची. त्याला लागणारा वेळ आमच्या जन्माला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त!

आणि गंमत ऐका. शत्रूच्या हेरांना कळू नये म्हणून आमच्या ड्रॉइंगवर पिस्तूल हा शब्दच नव्हता. नाव लिहिलं होतं 'फ्लेअर प्रोजेक्टर', म्हणजे आकाशात उजेड उडवणारं यंत्र. नळीला म्हणायचं ट्यूब, घोड्याला योक. म्हणजे मित्रांनो, जन्मदाखल्यावरच खोटं लिहिलेलं. मग माझ्याकडून तुम्ही काय अपेक्षा ठेवणार?

तर मला हवाई छत्रीला बांधून विमानातून फ्रान्समध्ये टाकलं. एका बेकरीवालीने मला उचललं आणि पावात घालून भाजलं. मी भाजलो, पण ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी शत्रूचे तीन अधिकारी पाव घ्यायला आले. शिस्तीचे लोक, एकामागे एक रांगेत उभे राहिले. गोळी एकच होती. पण रांग सरळ होती.

पुढचं मी सांगत नाही, स्वतःची स्तुती मला आवडत नाही.

युद्ध संपलं आणि मला कोणी विचारेना. त्याच ड्रॉइंगच्या कागदात गुंडाळलेला मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका घराच्या बेसमेंटमध्ये पडून राहिलो. शेजार होता ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळांचा. त्या वर्षातून एकदा वर जाऊन मिरवून येत. मी गंजत होतो. ज्याने युद्ध जिंकलं त्याच्या अंगावर कोळ्याने घर करावं!

मग १९८६चा वसंत आला. घरमालकिणीचा जावई सामान आवरायला आला आणि त्याने न बघताच खोकीच्या खोकी गराज सेलमध्ये, म्हणजे दारातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, मांडली. शेजारच्या घरातले गुरुदत्त काका आले. पुण्याचे इंजिनिअर, मोटारींच्या हेडलाइटचंच काम करणारे. त्यांनी आधी कागद उलगडला, मग मला पाहिलं, आणि लहान मुलासारखे हरखले. दिव्यांच्या इतिहासातली अस्सल वस्तू म्हणून मला घरी नेलं.

वसुधाकाकूंनी मला पाहताच चहाचा कप खाली ठेवला.

"अहो, हे पिस्तूल आहे."

"फ्लेअर प्रोजेक्टर आहे. ड्रॉइंगवर लिहिलंय."

"दिसतंय पिस्तुलासारखं."

"दिसण्यावर काय जातेस? डायमेन्शन्ससकट लिहिलंय."

त्यांच्या दहा वर्षांच्या मृणालिनीने मान तिरकी करून मला न्याहाळलं. "Baba, that's a gun," ती म्हणाली आणि खेळायला निघून गेली. काकांनी नळीत डोकावून ती रिकामी असल्याचं पाहिलं, ड्रॉइंगशी एकेक माप ताडलं आणि विषय संपवला. काकूंनी एवढंच बजावलं की या घरात शस्त्र येणार नाही हे लग्नातच ठरलंय, दिवा असेल तर राहू दे.

मित्रांनो, एक सांगून ठेवतो. पिस्तुलासारखी वस्तू दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि ते मोठे ड्रॉइंग दाखवू लागले तर दुसऱ्या मोठ्यांना हाक मारा.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. तिथी कुठल्याही वारी असो, नोव्हायमध्ये तिथ्यासुद्धा शनिवारीच येतात. गराजमध्ये पाट मांडला. त्यावर काकांचा कॉलेजातला स्लाइड रूल, व्हर्नियर, पान्यांचा सेट, काकांचे डॉक्टर मित्र बाळकाका यांचा स्टेथोस्कोप, आणि मधोमध मी. झेंडू थंडीने गेला होता म्हणून नर्सरीतल्या शेवंतीची फुलं वाहिली. काकूंनी मला हळदकुंकू लावलं. मी विचार केला, या लोकांना शस्त्रपूजेला शस्त्र मिळत नाही म्हणून पाने पुजतात, आणि मिळालंय तर ते दिवा समजून! पण हसलो नाही. जन्मात पहिल्यांदा कोणी मला फूल वाहिलं होतं. मला तो पाट सोडायचा नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या बर्निस आजी आल्या, माझ्या बेसमेंटच्या मालकीण. काकूंनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. सत्तरीच्या, हातात ॲपल-पायची डिश. पाटाकडे पाहिलं आणि जागीच थांबल्या.

"या पिस्तुलाला फूल कोणी घातलं?"

मृणालिनी म्हणाली, "Told you, Baba."

काका कागद घेऊन पुढे झाले. बर्निस आजींनी त्यांना शांतपणे सांगितलं, की ते नाव हेरांना फसवायला लिहिलं होतं, आणि चव्वेचाळीस वर्षांनी एक इंजिनिअर त्याला फसला हे ऐकून कारखान्यातला त्यांचा सुपरवायझर खूश झाला असता. बाळकाका तर चेकाळलेच. ते डॉक्टर, पण गोष्टी रचण्यात माझे सख्खे भाऊ. म्हणाले, म्हणजे हे महायुद्धातलं, फ्रान्समध्ये छत्रीने टाकायचे, याने दोन-तीन जण तरी नक्की लोळवले असतील यार, जरा नीट बघा, मोजणीची खाच-बिच असेल.

मी फुगलो. अखेर माझी हकिकत दुसऱ्याच्या तोंडून!

वसुधाकाकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी निरांजन खाली ठेवलं.

"कुणाचा जीव घेतलेली वस्तू मी पुजणार नाही आणि घरात ठेवणार नाही. सोमवारी पोलिसांत द्या, ते वितळवतात. नसेल घेतला, तर राहू दे. मी कुंकू लावलंय, उगाच उठवणार नाही. पण हे सांगणार कोण?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. वितळवतात! मित्रांनो, ते तीन अधिकारी मी चाळीस वर्षं जपले होते. त्यांच्या टोप्या, त्यांच्या मिशा, सगळं पाठ होतं. आणि आता पहिल्यांदाच वाटलं, की माझ्यावर कोणी विश्वास ठेवू नये. तरी जुनी खोड. अगदी बारीक आवाजात माझं मन पुटपुटलंच, की रांग सरळ होती.

बर्निस आजींनी मला उचललं, उलटं धरलं, नळीच्या मागच्या बाजूला अंगठा फिरवला, आणि इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"युद्ध? याने? अहो, तपासणीच्या टेबलावर मी बसायचे. याची गोळी फोडणारी पिन कधी बसलीच नाही. मीच रिजेक्ट केलं होतं, आणि पेपरवेट म्हणून जेवणाच्या डब्यातून घरी नेलं!"