डिकीतला कॅन

माझी मुलगी भारती दवाखान्याच्या जिन्यावरून खाली आली, तेव्हा मी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून रेडिएटरचं पाणी बघत होतो. वर आयसीयूपाशी एकालाच थांबू देत होते आणि मला नुसतं बसवत नव्हतं. ती जवळ येऊन उभी राहिली.

मी म्हणालो, "पाणी उतरलंय बघ."

"पप्पा, ते झाकण लावा आधी. वर चला."

तेवढ्यावरून मला कळलं.

माझ्या बायकोला, जयमालाला आम्ही अ‍ॅम्ब्युलन्सने गावी आणलं. आमचं गाव तिसगावच्या पुढे. गाडी नगरलाच, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये राहिली. जयमालाचा जलदान विधी होईपर्यंत गाडीची कुणाला आठवण झाली नाही. मग दवाखान्यातून फोन आला, गाडी हलवा, जागा अडलीय.

गाडी जुनी आहे. आठशे सीसीचं, तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटरवालं. थंडीत चोक ओढायचा, चालू झाली की हळूहळू आत सारायचा. ऑइल वेळेवर बदललं, प्लग साफ ठेवले, टायमिंग बेल्ट तुटायची वाट पाहिली नाही, तर ते इंजिन कुरकुर करत नाही. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, तापणं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पाणी संपल्यावर तशीच दामटली की हेड वाकतं, गॅस्केट जातं. मग इंजिन खोलावं लागतं, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन कोणी खोलत बसत नाही. भंगारात देतात.

आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. चहाचं पातेलंसुद्धा आतून पांढरं होतं. आधीचा रेडिएटर त्यानेच गच्च झाला होता. तेव्हापासून पाण्याचं काम जयमालाने आपल्याकडे घेतलं. ती अंगणवाडी सेविका होती. पत्र्याच्या पन्हाळीखाली भांडी लावून पावसाचं पाणी धरायची, फडक्याने गाळायची आणि तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून डिकीत ठेवायची. कुठेही निघालो की गाडीत बसायच्या आधी कॅन हलवून बघायची.

मी म्हणायचो, "माणसाला टँकरचं आणि गाडीला पावसाचं."

"तुम्हाला टँकरचं पचतंय. तिला पचत नाही."

छातीत दुखायला लागलं त्या दिवशीही मागच्या सीटवर आडवी होताना तिने विचारलं, कॅन आहे ना. मी आहे म्हणालो.

गाडी आणायला मी मच्छिंद्रला घेऊन एसटीने नगरला गेलो. मच्छिंद्रचं गावात गॅरेज आहे, ही गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातातली. त्याने रेडिएटरचं झाकण काढून आत बघितलं.

"नाना, पार तळाला गेलंय की. डिकीत काकूचा कॅन आसंल ना?"

मी डिकी उघडली. कॅन होता, गळ्यापर्यंत भरलेला. मी डिकी लावली.

"रिकामा आहे," मी म्हणालो.

मग समोरच्या टपरीवरून पाण्याच्या बाटल्या आणून ओतल्या. बॅटरी उतरली होती. वॉचमनने आणि मी धक्का दिला, मच्छिंद्रने गिअरवर सोडली, तेव्हा चालू झाली.

मेहेकरी गाव सोडल्यावर तापमानाचा काटा वर चढायला लागला. मच्छिंद्रने एका लिंबाखाली गाडी घेतली आणि वाकून खाली बघितलं.

"रेडिएटरला झाळून मारल्याला जुना डाग सुटलाय. समदं पाणी रस्त्यावं सांडत आलोय आपण. आता फर्लांगभर जरी चालवली, तर हेड गेलं समजा."

शेतापलीकडे एक वस्ती दिसत होती. त्याने रिकाम्या बाटल्या गोळा केल्या.

"बोअरचं आणतो. मूठभर हळद पन मागतो, टाकली की गळती धरती. तवर थंड हुंद्या. झाकनाला हात लावू नका, तोंड भाजंल."

"बोअरचं नको."

"मग काय पेट्रोल वतू? एकदा टाकल्यानं काय हुत न्हाई, नाना."

तो गेला. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. ट्रक जात होते. इंजिनमधून बारीक टिकटिक येत होती, ती हळूहळू थांबली. जयमाला असती तर तिने मच्छिंद्रला पाण्यासाठी जाऊच दिलं नसतं.

मी डिकीतून कॅन काढला. झाकण पटकन निघेना. पाणी सांडू नये म्हणून आत प्लास्टिकची पिशवी दुमडून तिने झाकण आवळलं होतं. तिच्या हाताला बळ होतं. फडकं धरून पिळलं तेव्हा सुटलं. रेडिएटरचं झाकण काढलं आणि ओतायला लागलो. थोडं बाहेर गेलं. निम्म्यावर थांबलो. आत बघितलं, भरलं नव्हतं. मग सगळं ओतलं.

मच्छिंद्र लांबूनच ओरडत आला. "नाना! हुतं व्हय पानी? मग मला कशाला त्या कुत्र्याच्या तोंडी दिलं? मांडीच फाडली आसती त्यानं!"

मी कॅन खाली ठेवला. त्याने कॅन उचलला, तोंडाशी डोळा लावून आत बघितलं.

"काकूनं भरल्यालं?"

"हो."

"समदं वतलं?"

"सगळं."

"थोडं ठिवायचं हुतं, नाना."

"मग हेड गेलं असतं."

त्याने कागदाच्या पुडीतली हळद रेडिएटरमध्ये सोडली. बोअरचं पाणी लिंबाच्या बुडाला ओतून टाकलं. गळती पुरती थांबली नाही, पण थेंबावर आली. हळूहळू चालवत आम्ही घरी आलो. काटा मध्यावरच राहिला.

भारती दारात उभी होती. "आली का?" म्हणाली. तिनेही डिकी उघडून कॅन बघितला आणि डिकी परत लावली.

इंजिनला काही झालं नाही. मच्छिंद्र म्हणतो, अजून पुष्कळ चालेल, फक्त आतलं पाणी सोडून द्या, रेडिएटर उतरवून नीट डाग मारून घ्या. तो दोनदा विचारून गेला. मी बघू म्हणालो.

मृग लागून पाऊस येऊन गेला. रेडिएटर उतरवलेला नाही. पन्हाळीखाली भांडं लावलेलं नाही. कॅन रिकामाच आहे.