दुसऱ्या टोकाची खाच

मित्रांनो, साकीनाक्याच्या एका गाळ्यात, दाराआडच्या फळीवर मी पडून असतो. मी एका टेम्पोच्या इंजिनातला जुना शाफ्ट. रस्त्यावर फिरणारी चाकं सगळ्यांना दिसतात; ती फिरावीत म्हणून आत कोण गरगरत असतं, हे कुणी विचारत नाही.

भट्टीत तापून, घणाचे घाव सोसून माझा जन्म झाला. मग लेथवर घासून मला अगदी गुळगुळीत केलं. इंजिनातलं तेल बाहेर सांडू नये म्हणून माझ्या दोन्ही टोकांना रबराचं एकेक सील बसवलं. दहिसरच्या मिथुन तांबेच्या टेम्पोत मी अकरा वर्षं राबलो. भाजी वाहिली, कपाटं वाहिली, एकदा तर अख्खं वऱ्हाड वाहिलं!

पण दोरानं विहिरीचा काठ झिजतो ना, तसं माझं झालं. मऊ रबरानं, त्यात अडकलेल्या धुळीनं, माझ्या मागच्या टोकावर बारीक खाच पाडली आणि तेल ठिबकू लागलं. तीन मेकॅनिकांनी तीनदा सील बदललं. दुखणं माझ्या अंगात होतं आणि औषध सीलला चाललं होतं.

शेवटी मिथुननं मला अंबादास खिल्लारे यांच्या गाळ्यात आणलं. अंबादास मूळचे हिंगोलीकडचे. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाचा आसपासच्या गाळ्यांत मोठा बोलबाला होता. शाफ्टवरून ते नख फिरवायचे. अडकलं की समजायचं, खाच आहे. मग खाचेवर पोलादाची पातळ बांगडी ठोकून बसवायची. नवं सील त्या गुळगुळीत बांगडीवर टेकतं आणि गळती थांबते.

त्या गाळ्यात मला एक गुपित कळलं. साखरेच्या आजारानं अंबादासांची बोटं कधीच बधिर झाली होती! त्यांना काही लागत नव्हतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ते कुणाला सांगतील तर शपथ. त्यांच्या पत्नी राधाबाईंनी मात्र न सांगताच ओळखलं होतं. दुपारी डबा घेऊन त्या यायच्या, खिळ्यावरचं फडकं काढायच्या.

"द्या इकडं, पुसते जरा."

पुसता पुसता त्यांचं नख माझ्या अंगावरून फिरलं आणि एका जागी थांबलं.

"अहो, इथला डाग निघंना."

अंबादासांनी नेमकं तिथंच नख टेकवलं. "हे बघ मिथुन, इथं खाच आहे. सील बदलून काय होणार?"

"झकास, भाऊ! तुमचं नख म्हणजे मशीन आहे यार!" मिथुन म्हणाला.

राधाबाई डबा उघडत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला बांगडी भरली, आणि पुढची चार वर्षं त्या टोकानं तेलाचा एक थेंबही गाळला नाही. किती मिरवलो मी!

गेल्या वर्षी माझं दुसरं टोक गळू लागलं, म्हणून मिथुननं मला पुन्हा तिथं आणलं. खिळ्यावर फडकं होतं, पण ते वाळून कडक झालं होतं. आठ महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन राधाबाई गेल्या होत्या. आता सुट्टीच्या दिवशी मुलगी, दर्शना, डबा आणायची. तिला पुसण्याचं गुपित माहीत नव्हतं.

अंबादासांनी नख फिरवलं. ते खाचेवरूनच गेलं. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, "इथंच! इथंच!" ते थांबले. त्यांनी दर्शनाकडे पाहिलं. ती हाताच्या अंतरावर उभी होती. 'पूस जरा,' एवढंच म्हणायचं होतं.

"काय वाटतं, भाऊ?" मिथुननं विचारलं.

"साफ आहे. नुसतं सील बदलू."

त्या शब्दावर विसंबून मिथुननं तेल तपासायचं सोडलं. तीन आठवड्यांत तेल संपलं आणि घोडबंदर रस्त्याच्या चढावर इंजिन जाम झालं. मी आतल्या आत भाजलो. मला तडा गेला. तड्यावर बांगडी चालत नाही, मित्रांनो.

मिथुननं मला गोणपाटात गुंडाळून आणलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही साफ बोललात ना भाऊ, म्हणून मी बघितलंच नाही," एवढं म्हणून तो गेला. पुन्हा आला नाही.

संध्याकाळी दर्शना वडिलांना न्यायला आली. त्यांनी मला तिच्यापुढे सरकवलं.

"इथं नख फिरव गं."

"अडकतंय की, बाबा! केवढी खाच आहे! तुम्हाला कशी नाही लागली?"

"मला सहा वर्षं काहीच लागत नाही, दर्शना. लागायचं ते तुझ्या आईला."

दर्शना बघतच राहिली. "मी इथंच उभी होते त्या दिवशी. मला का नाही सांगितलंत?"

अंबादासांनी खिळ्यावरचं फडकं काढलं आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत राहिले. रडतही होते. मी तर निकामी झालो होतो, मला पुसून काय होणार होतं? पण त्यांचा हात थांबेना.

मित्रांनो, कुठं तेल ठिबकताना दिसलं तर नुसतं सील बदलू नका, खाच शोधा. आणि आपल्या बोटांना ती लागत नसेल, तर जवळच्या माणसाला खुशाल सांगा. त्यात कसला कमीपणा? दर्शना आता दर रविवारी गाळ्यात येते. आलेला प्रत्येक शाफ्ट अंबादास गिऱ्हाइकासमोरच तिच्या हातात देतात आणि मोठ्यानं सांगतात, "मला लागत नाही. पोरगीच बघेल." राधाबाई बघायच्या तेव्हा मात्र असं एकदाही कुणासमोर बोलले नव्हते. असं सांगून झालं की ते माझ्या फळीकडे बघत नाहीत.