निळ्या टोपीला खांदा

सूर्यभान भुयार अमरावतीच्या दवाखान्यात पहाटे वारला. सकाळी ॲम्ब्युलन्स बेलसावंगीत पोचली तेव्हा अंगणात भाऊकी जमली होती, तिरडी बांधून झाली होती. त्याला आंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं, आणि त्याच्या बायकोने, मनकर्णाने, ट्रंकेतून काढलेली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. तिथून भांडण सुरू झालं.

टोपी निळी होती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले सैनिक घालतात ती. फौजेत असताना सूर्यभानची तुकडी काँगोत गेली होती. एकमेकांची घरं जाळणाऱ्या दोन टोळ्यांच्या मधल्या रस्त्यावर त्याची चौकी होती. गोळी चालवायची नाही आणि जागाही सोडायची नाही, एवढाच हुकूम. परत आल्यावर पोळ्याच्या दिवशी तो ती टोपी घालून बैलजोडीसोबत तोरणाखाली उभा राहिला. थोरला भाऊ उत्तमराव पुढे आला आणि सगळ्या गावासमोर त्याने ती सूर्यभानच्या डोक्यावरून उचलली.

टोपी कशाची आहे हे उत्तमरावांना चांगलं ठाऊक होतं. पण मोर्शीकडच्या गावांत निळा रंग म्हणजे बौद्धपुऱ्याचा, आणि भुयारांच्या घरचा माणूस निळ्यात मिरवला तर भाऊकी काय बोलेल, हेही त्यांना ठाऊक होतं. "घरात ठेव हे," एवढंच ते म्हणाले होते. सूर्यभानने ठेवली. संत्र्याची बाग सामाईक होती, विहीर सामाईक होती, आणि थोरल्याला उलटून बोलणं त्याला जमत नसे. पुढे मूत्रपिंडं गेली. डायलिसिसच्या खाटेवर एक दिवस तो मनकर्णाला म्हणाला, "जित्तेपनी तं घातली नाई. जाताना घालून देजो." तिने मान हलवली.

आता ती दाराच्या चौकटीआड उभी होती. पदर कपाळाच्या खाली. उत्तमराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. त्या घरात तशीच रीत होती. निरोप मुलीमार्फत जायचे.

"साधना," उत्तमराव पुतणीला म्हणाले, "मायले सांग, टोपी काढ म्हना. म्या पांढरी आनली, कोरी."

साधना आत बघून आली. "मोठे बाबा, माय नाई म्हनते."

"नाई म्हनजे?"

"नाई म्हनजे नाई काढत."

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. उतरली ती वर्षाली. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिला तुकडीसोबत लायबेरियात जाऊन आलेली. निवृत्तीनंतर ती अकोल्यात राहत होती आणि अमरावती-अकोल्यातले शांतिसेनेतून परतलेले फौजी आणि पोलीस तिने एकत्र बांधले होते. सूर्यभानच्या उपचाराचा अर्ज एका साहेबाने "काँगोत कुठं लढाई होती?" म्हणून बाजूला सारला, तेव्हा वर्षालीने त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढली आणि बसली. साहेब जेवायला उठला, जेवून आला, तरी ती तिथेच. संध्याकाळी सही झाली. तिच्यासोबत देवमन होता, धारणीकडचा, काँगोच्या चौकीवर सूर्यभानच्या शेजारी उभा राहिलेला.

दोघांनी सूर्यभानला सलाम केला. दोघांच्या डोक्यावर तशाच टोप्या होत्या. अंगणात कुजबुज झाली.

"तुमी कोन?" उत्तमरावांनी विचारलं.

"हवालदार वर्षाली. सूर्यभानभाऊच्या संघटनेची."

"आडनाव?"

"आमच्याकडं हुद्दा इचारतात भाऊ. तो सांगतला."

कोपऱ्यातला कोणी तरी हसला आणि लगेच खोकला. उत्तमरावांनी सूर बदलला. ते वाईट माणूस नव्हते. भावाच्या दवाखान्याच्या खेपा त्यांनीही केल्या होत्या. "हे पाहा बाई, मान द्याचा तं देऊ ना. तिरंगा टाकू. फौजी होता. फोटोत बी चांगलं दिसते."

"तिरंगा टाकता येत नाई," वर्षाली म्हणाली. "सरकारी इतमाम असन तवाच टाकतात. सूर्यभानभाऊ किडनीनं गेले. टोपी मात्र त्याईची सोताची हाय. तिले कोनाची परवानगी लागत नाई."

"टोपी कायची हाय ते आमाले समजते. लोकायले कुठं समजते?"

"सांगा मंग लोकायले."

"तुमी अकोल्याले जासान निंघून. आमाले इथंच रायाचं हाय!" उत्तमरावांचा आवाज चढला. त्यांनी भाऊकीकडे पाहिलं, मग चौकटीकडे. "साधना, सांग मायले. टोपी राहीन तं भुयारायचा एक बी माणूस खांदा देनार नाई. आन उद्या विहिरीचं पानी कोन देते, ते बी पाहून ठेव म्हना."

मार्च लागला होता, बागेत मटाराएवढी संत्री धरली होती. पाणी तुटलं तर आठवड्यात फळ गळतं. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

साधना निरोप घेऊन वळली, पण मनकर्णा चौकटीबाहेर आली होती. पदर डोक्यावरच होता. ती उत्तमरावांच्या समोर येऊन थांबली.

"नका देऊ खांदा," ती म्हणाली.

उत्तमरावांनी आधी मागे वळून पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कोणाशी बोलली.

"हे कवापासून बोलाले लागली, वो माय?" एक म्हातारी पुटपुटली.

"आजपासून," मनकर्णा म्हणाली. "भाऊ, त्यानं तुमचा मान ठेवला. पोळ्याले तुमी टोपी काढली, त्यानं हू का चू केलं नाई. तो गेला. आता त्याचा मान मी ठेवतो. खांदा नका देऊ, पानी नका देऊ. टोपी राहीन."

देवमन तिरडीच्या पुढच्या कोपऱ्याशी गेला. दुसऱ्या कोपऱ्याला वर्षाली उभी राहिली. साधनाने ओढणी कमरेला बांधली आणि मागचा एक कोपरा धरला. चौथा रिकामा होता. भाऊकीतले दोन-तीन जण चुळबुळले, उत्तमरावांकडे पाहून जागीच राहिले.

फाटकाबाहेरून नत्थुजी आत आला. बौद्धपुऱ्यातला, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याच्या बायकोचंही डायलिसिस चालायचं. सूर्यभान आणि तो एकाच गाडीने अमरावतीला जायचे. त्याने चपला काढल्या.

"आधीच सांगतो," तो उत्तमरावांना म्हणाला, "टोपी आमची नाई, त्याची हाय. आमी कोनी झेंडा घिऊन आलो नाई. कोपरा खाली दिसला म्हनून आलो."

"नत्थू, तू काहून मधात येतं?"

"मधात कसं उभं रायाचं ते तुमच्या भावानंच शिकवलं बाप्पा. एसटीच्या सीटवर दर खेपेला तेच सांगे."

"पाहा!" उत्तमराव भाऊकीकडे वळले. "म्हनूनच म्हनत होतो म्या. आता लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या," मनकर्णा म्हणाली, आणि विस्तवाचं मडकं उचलून पुढे झाली.

मागच्या गल्लीने स्मशान जवळ पडत होतं. मनकर्णा मोठ्या रस्त्याने निघाली. पारावर बसलेले उठले. पोळ्याचं तोरण बांधतात त्या चौकातून तिरडी गेली. साधना उंचीला कमी होती, म्हणून नत्थुजी पूर्ण वेळ गुडघ्यात वाकून चालला. दुकानासमोर कोणी मोबाइल वर केला. वर्षाली न थांबता त्याला म्हणाली, "काढ. टोपी दिसली पायजे."

विसाव्याच्या दगडाशी तिरडी खाली ठेवली. मागून उत्तमराव चालत आले होते, एकटेच. भाऊकी चार पावलं मागे. त्यांचे डोळे लाल होते.

"गाव संपलं," ते मनकर्णाला म्हणाले. या वेळी थेट तिलाच. "लोकायनं पाहाचं ते पाहून घेतलं. आता तरी काढ. शेवटचा खांदा मले देऊ दे. सख्खा भाऊ हाय मी."

"तुमाले कोन नाई म्हनते? टोपीसगट द्या."

ते उभे राहिले. हात किंचित पुढे आला होता. मग तो खाली गेला. तिरडी उचलली गेली ती त्याच चौघांच्या खांद्यावर. उत्तमराव शेवटपर्यंत मागून चालले. अग्नी मनकर्णाने दिला. टोपीची लोकर आधी पेटली.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना साधनाला टोपीवरचा पितळी बिल्ला सापडला. काळा पडला होता, पण आकार तसाच. अस्थी नदीत गेल्या. बिल्ला मनकर्णाने चिंचेने घासला, पदराला टाचला आणि ती बागेत गेली.

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप होतं.

साधना म्हणाली, "दगड आनू काय?"

"नाई," वर्षाली म्हणाली. ती आणि देवमन राख सावडायला आले होते. "दगडाचं काम नाई. बसाचं."

वर्षाली घरातून प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आली. एक मनकर्णाला, एक स्वतःला. देवमन झाडाला टेकला. दुपारी नत्थुजी पाण्याची कळशी घेऊन आला आणि तोही बसला. रस्ता विहिरीला लागूनच होता. मोर्शीच्या बाजाराला जाणाऱ्या जीप हळू व्हायच्या, माणसं वाकून बघायची. भुयारांची विधवा, नवऱ्याची राख गार झाली नाही तोवर, आपल्याच विहिरीवर खुर्ची टाकून बसलेली.

उन्हं उतरल्यावर उत्तमराव आले. हातात किल्ली होती.

"काय चालवलं हे? रस्त्यावरचा एकन् एक माणूस मले इचारून राहिला. भावाच्या बायकोले पान्यासाठी बसवलं म्हनतात मले. लोक काय म्हनतीन?"

त्यांच्याच तोंडचं ते वाक्य त्यांनाही ऐकू आलं असावं. वाकून त्यांनी कुलूप उघडलं. सरळ होताना त्यांची नजर तिच्या पदरावर गेली.

"ते टोपीवरचं हाय ना?"

"हाय."

"तेरवीले सारे सोयरे येतीन."

"येऊ द्या. पदराले असाच राहीन. भिंतीवरच्या फोटोत त्याच्या डोक्यावर टोपी राहीन. ज्याले पाहाचं नसन, त्यानं जेवून जावं."

किल्ली उत्तमरावांनी खिशात घातली, पुन्हा काढली आणि पेटीवर ठेवून गेले.

मनकर्णाने उठून बटण दाबलं. मोटार घरघरली, पाइपातून आधी हवा आली, मग गाळ, मग पाणी. ती खुर्ची उचलून संत्र्याच्या पहिल्या ओळीकडे चालू लागली.