बाहीची कड

जिन्याखालच्या जागेत रफूवाल्याचं दुकान होतं. एक फळी, एक खुर्ची, एक दिवा आणि दिव्याखाली वाकलेली मान. बेचाळीस वर्षं वाकलेली. सुई पुढे, धागा मागे; एक धागा वरून, एक खालून. कापडाच्याच पोटातून, आतल्या दुमडीतून धागा काढायचा आणि त्याच धाग्याने कापडाचं भोक विणून टाकायचं. विणून झालं की तिथे कधी काही फाटलंच नव्हतं.

यंदा हात थरथरू लागला आणि त्याच्यामागोमाग एक विचार येऊन बसला. गवंडी आपली भिंत दाखवतो, सुतार आपलं दार दाखवतो. आपण काय दाखवायचं?

"अगं, उद्या मी गेलो तर माझ्या हातचं म्हणून एवढंसं काही सापडायचं नाही," तो बायकोला म्हणाला.

"मग मी रांधलेलं कुठे सापडतंय? सगळं तुमच्याच पोटात गेलं."

शेजारचा इस्त्रीवाला तर रोजचा टोचणारा. "रफूशेठ, माझी घडी निदान संध्याकाळपर्यंत टिकते. तुमचं काम केलं काय नि न केलं काय, दिसायला सारखंच."

तो हसायचा, पण ते बोलणं कुसळासारखं आत राहायचं. हात थांबायच्या आत एक तरी काम असं व्हावं, की यासाठी जन्माला आलो असं स्वतःला तरी सांगता यावं. एवढंच त्याचं मागणं होतं.

त्या दिवसांत एक बाई आली. पन्नाशीच्या आतली, केस अर्धे पांढरे. पिशवीतून तिने एक लोकरी कोट काढला, बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. हात फिरवून फिरवून कापड मऊ झालेलं.

"काका, खांदा उसवलाय. तेवढा करून द्या."

"होईल, ताई. परवा या."

खांद्याचं काम तासाभरातच संपलं. कोट उलटापालटा करताना त्याला डाव्या बाहीची कड दिसली. कुरतडलेली, चघळलेली, धागे पिंजलेले, मध्ये तीन बारीक भोकं. उंदराचं काम असेल, त्याला वाटलं. बाई भिडस्त दिसली, जास्त काम सांगायला संकोचली असेल. आपणच करू. वरकड काही घ्यायचं नाही.

तो दोन दिवस त्या कडेवर बसला. पिंजलेले धागे आधी कातरीने साफ केले. कड स्वच्छ झाल्याशिवाय रफू धरत नाही. मग आतल्या दुमडीतून केसाएवढा धागा काढला आणि विणायला घेतलं. नवल म्हणजे हात थरथरला नाही. लहानपणी निजवताना आईचा हात पाठीवरून फिरायचा, तसा तो कापडावरून फिरत राहिला. शेवटचं टोक आत दडवून त्याने बाही दिव्यासमोर धरली, आणि त्याची त्यालाच भोकांची जागा सापडेना.

"आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं," त्याने घरी सांगितलं. त्या दिवशी बायकोने त्याला न मागता दुसऱ्यांदा चहा दिला.

ठरल्या दिवशी बाई आली. कोट फळीवर ठेवताच तिचा अंगठा सरळ डाव्या बाहीच्या कडेवर गेला. खांद्याकडे तिने बघितलंही नाही. अंगठा कडेवरून पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला.

रफूवाला गालात हसत होता. "शोधा बघू, ताई. सापडतंय का."

ती शोधत राहिली. बाही उलटी करून बघितली. मग दुसरी बाही बघितली, आपणच चुकलो की काय म्हणून.

"इथे होतं," ती म्हणाली. "अभ्यास करताना चावत बसायचा. मी हातावर फटका मारायचे. तरी चावायचा."

रफूवाल्याचं हसू तोंडावरच राहिलं, त्याला ते आवरता येईना.

"कधी...?" त्याने विचारलं.

"चार वर्षं झाली."

इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

"उसवून देतो, ताई. आत्ता," रफूवाला म्हणाला. त्याने सुईच्या टोकाने एक धागा उचलला, ओढला, दुसरा ओढला. भोक उघडलं. सरळ कडांचं, चौकोनी, नेटकं भोक. कातरीचं. दोघं त्याच्याकडे बघत बसली. त्यात दात कुठेच नव्हते.

"राहू द्या, काका." तिने हलकेच बाही त्याच्या हातातून सोडवली. "खांदा चांगला झालाय."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने कोटाची घडी घातली, तो पिशवीत ठेवला, आणि ती निघून गेली.

तीन दिवस त्याने दुकान उघडलं नाही. खाटेवर पडून तो बेचाळीस वर्षांची भोकं आठवत राहिला. काडीने जळालेली, खिळ्याला अडकलेली, भांडणात फाटलेली. त्यातली किती कुणाला हवी होती? एकालाही विचारलं नव्हतं.

"आपण लोकांचं नीट करतो असं वाटायचं गं," तो म्हणाला.

बायको पायथ्याशी बसली. "बऱ्याच जणांचं केलंतही."

"कुणाचं केलं नि कुणाचं पुसलं, आता कसं कळणार?"

बायको त्याचे पाय दाबत राहिली.

चौथ्या दिवशी तो जिन्याखाली जाऊन बसला. घरी तरी काय करणार? दुपारी एक घाईतला माणूस आला आणि त्याने जुनं जाकीट फळीवर टाकलं. खिसा फाटलेला, कोपरावर एक भोक.

"दोन्ही करायचं?" रफूवाल्याने विचारलं.

"म्हणजे काय, भोक कुणाला हवं असतं?"

"हे कशाने पडलं?"

"शेठ, चौकशी कसली करताय?"

इस्त्रीवाला पलीकडून हळूच म्हणाला, "असं विचारत बसलात तर गिऱ्हाईक टिकायचं नाही." या वेळी तो टोचत नव्हता.

रफूवाल्याने सुई हातात घेतली नाही. जाकीट तसंच पडू दिलं आणि वाट बघितली. माणसाने घड्याळाकडे बघितलं, मग कोपराकडे. ते भोक त्याने बोटाने चाचपलं.

"वडिलांचं आहे," तो म्हणाला. "टेबलावर कोपर टेकून बसायचे ते. दिवसभर."

त्याचं बोट भोकावरच राहिलं.

"खिशाचं तेवढं करा," माणूस म्हणाला.

रफूवाल्याने दिवा लावला. धागा पाचव्या खेपेला सुईत गेला.