कमानीवरची आखणी

ब्रशला जात नसते, असं सयाजी पेंटर म्हणायचा. वाक्य त्याचं स्वतःचं होतं, म्हणून राजुरीतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ते ऐकवून झालं होतं. निमित्त असं, की अठ्ठ्याण्णवच्या उरुसाआधी दर्ग्याच्या कमानीवरचं 'बिस्मिल्ला' नव्यानं लिहायचं काम त्यानं मागून घेतलं होतं. उरुसाला सगळा गाव कमानीखालून जाणार, म्हणजे सगळा गाव सयाजीचा हात बघणार.

दर्ग्याचे इस्माईलभाई मोमीन बोरूनं सुरेख लिहीत. त्यांनी कागदावर नमुना दिला आणि गिरवून घ्यायला सांगितलं. सयाजीला ते लागलं. दूध डेऱ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निम्म्या तालुक्याच्या पाट्या रंगवणारा माणूस गिरवणार?

त्यानं सवयीनं आधी वरची रेघ मारली आणि दोरीवर धुणं वाळत घालावं तशी अक्षरं तिला टांगली. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, हे अरबी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. समोरच्या कागदात ते दिसत होतं. पण कागद बघायला मान खाली घालावी लागते.

इस्माईलभाई कमानीखाली येऊन उभे राहिले.

"सयाजी, फाशी दिल्यागत लोंबत्यात रं ही. पुसावं लागंल."

पुसायचं म्हटल्यावर एकोप्याचं सगळं भाषण घशात गेलं आणि मुळात तिथं जे होतं ते वर आलं.

"तुमा लोकांचं कितीबी करा, कमीच."

बोलल्यावर ते त्यालाही ऐकू आलं. ब्रशला जात नव्हती खरी. जिभेला लगेच फुटली होती.

इस्माईलभाईंनी रॉकेलची चिंधी पुढं केली. ओला रंग निघाला. सयाजीनं चिंधी रागानं खाली आपटली, तर म्हाताऱ्यानं वाकून ती उचलली आणि कोनाड्यात ठेवली. कुणाच्या पायाखाली यायला नको, म्हणाले.

"चुकलं तरी चिंधीला लागलंय ते नाव वरच्याचंच हाय."

सयाजीनं खिशातला खडू काढून त्यांच्यापुढं धरला. "तुमी आखा," तो म्हणाला, "मी रंग भरतो." माफी मागायची होती, पण एवढी अक्कल एका दिवसात कुठून येणार?

उरुसाला कमान झकास दिसत होती. माणसं थांबून बघत होती. त्याची बायको सारजाबाईही मान वर करून उभी राहिली.

"ह्यातलं तुमचं कंचं वो?"

एका वळणावर हिरवा रंग आखणी सोडून ओघळला होता. सयाजीनं तिकडं बोट केलं.

"ते भाईर गेलंय न्हवं, तेवढं माझं."