सुट्टे नसलेला गल्ला

"सगळी चिल्लर पतपेढीत भरत जाऊ नकोस," पिकांच्या आणि गुरांच्या औषधांच्या दुकानाच्या किल्ल्या देताना आधीची मालकीण डोन्या ओर्तेन्सिया म्हणाली होती. "इथली माणसं वीसची नोट आणतात आणि चार डॉलरचं औषध नेतात."

हिमेनाने नुसती मान डोलावली. शेतकी कॉलेजात शिकलेली ती. बटाट्यावरचा करपा पान बघून ओळखायची, चिल्लरीचं काय एवढं! नवरा स्पेनमध्ये भाजीच्या मळ्यावर, पाळण्यात तान्ही लेक, मागच्या खिडकीची कडी सैल. घरात रोकड असली की तिचा डोळा लागत नसे. म्हणून रोज संध्याकाळी बाळाला पाठीशी बांधून ती नाण्यांसकट सगळं पतपेढीत भरून यायची.

सकाळी गल्ला लख्ख रिकामा.

"सुट्टे आणता का?" म्हटलं की माणसं "आणतो की" म्हणायची आणि दुधाच्या गाडीने खाली सालसेदो गावातल्या दुकानात जायची. "दुकान तुझं की पतपेढीचं, शेजारीणबाई?" गाडीवाला विल्मर विचारायचा. विक्री घटली हे खरंच. पण दुपारभर बोलायला कुणी नसायचं, ते जास्त टोचायचं.

त्रान्सितो आजी मात्र यायची. वर पठारावर एकटी, एक गाय. त्या गुरुवारी गायीची कास सुजली म्हणून आली, हातात वीसचीच नोट.

"सुट्टे नाहीत, आजी. औषध न्या, पैसे पुढच्या बाजाराला द्या."

"उधारी? आणि मी मेले तर कुणाच्या दारात मागायला जाशील?"

"मरताय कशाला? न्या हो."

"नको गं पोरी. चौकात कुणी मोडून देतंय का बघते."

बाळाच्या गालाला बोट लावून ती गेली. अंधार पडेपर्यंत हिमेनाने दार उघडंच ठेवलं. आजी परतली नाही.

आता गल्ल्यात रोज मूठभर नाणी असतात. गिऱ्हाईकं हळूहळू वळू लागलीत, विल्मरसुद्धा गुरांच्या इंजेक्शनच्या सुया घेऊन जातो. पण तोच परवा म्हणाला, "म्हातारीची दुधाची किटली रस्त्यावर दिसत नाही हल्ली. मी काही वरपर्यंत चढत नाही, बाई, दूध नासतं."

बाळाच्या छातीत कफ आहे, पठारावरचा वारा तिला सोसायचा नाही. आणि तिला ठेवायचं कुणापाशी? म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला हिमेना विचारते. तुम्हालाही विचारते आहे: वर जाणार आहात का? निलगिरीच्या रांगेनंतरचं पहिलं घर. जरा दार वाजवा. लगेच उघडलं नाही तर निघून येऊ नका, आजीला कमी ऐकू येतं. पुन्हा वाजवा.